यंत्राची ऑर्डर निघण्याआधी

चाकणच्या ज्या कारखान्यात मी मनुष्यबळ विभागात काम करते, तेथे तीन वर्षांपूर्वी वेल्डिंग विभागासाठी दोन रोबो सेल, म्हणजे रोबोने वेल्डिंग करायचे कुंपणबंद कक्ष, घेण्याचा प्रस्ताव आला. प्रस्ताव १२ पानांचा होता. त्यात यंत्रांची किंमत होती, विजेचा खर्च होता, प्रत्येक ब्रॅकेटमागे वाचणारे सेकंद होते, आणि नवव्या पानावरील तक्त्यात ‘मनुष्यबळ बचत : १४’ अशी एक ओळ होती. गुंतवणूक किती महिन्यांत वसूल होईल याचे सगळे गणित त्या एका ओळीवर उभे होते. मी प्रोजेक्टच्या अभियंत्याला फोन करून विचारले, की हे १४ जण कोण? त्याला नावे ठाऊक नव्हती, आणि ती ठाऊक असावीत अशी अपेक्षाही त्याच्याकडून कोणी केली नव्हती. तिन्ही पाळ्यांच्या मंजूर संख्येतून त्याने तो आकडा काढला होता.

त्याच संध्याकाळी मी हजेरीपट आणि कंत्राटदाराची नोंदवही समोर घेऊन १४ नावे काढली आणि वय, शिक्षण, नोकरीची वर्षे अशा रकान्यांसह एका कागदावर उतरवली. पाच जण कायम होते, नऊ जण कंत्राटी. सर्वांत लहान मुलगा २३ वर्षांचा होता, सर्वांत मोठे गृहस्थ ५१ वर्षांचे. नऊ कंत्राटी कामगारांपैकी सहा जण त्याच शेडमध्ये, त्याच टेबलांवर चार वर्षांहून अधिक काळ वेल्डिंग करीत होते. तो कागद प्रस्तावाला जोडून मी परत पाठवला आणि सोबत लिहिले, की प्रत्येक नावापुढे यंत्र सुरू झाल्यानंतरचे काम लिहिले जात नाही तोवर मनुष्यबळ विभाग या प्रस्तावावर सही करणार नाही. खरे तर अशा प्रस्तावावर आमच्या सहीची जागाच नव्हती. ती मी पेनाने आखून घेतली होती. आमच्या कारखानाप्रमुखांनी ती पुसली नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

स्वयंचलनाच्या काळात मनुष्यबळ विभागाने कसे बदलावे, हा प्रश्न या व्यवसायात नव्याने आलेली मुले मला विचारतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा सॉफ्टवेअर असते : कोणते घ्यावे, कोणता अभ्यासक्रम करावा, चॅटबॉट बसवावा का. हे प्रश्न निरर्थक नाहीत. परंतु कारखान्यात २२ वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे, की आपल्या विभागाने सर्वांत आधी बदलायची गोष्ट म्हणजे आपण या प्रक्रियेत केव्हा शिरतो ती वेळ. यंत्राची खरेदी ठरून ऑर्डर निघाली, पायाचे काँक्रीट भरले गेले, आणि मग कोणीतरी ‘आता एवढी माणसे जास्त होतात, बघा काय करता येईल ते’ असे सांगितले, तर त्यानंतर मनुष्यबळ विभाग जे काही करतो ते केवळ निस्तरणे असते.

मी स्वतः ते निस्तरणे केले आहे. २०१६ मध्ये आमच्याकडे पहिला रोबो आला, तो आल्याचे मला गेटपासवरून कळले. त्या वेळी दोन कायम वेल्डरांना आम्ही पॅकिंगला हलवले. पगार एक रुपयानेही कमी केला नाही, त्यामुळे आपण त्यांच्यावर अन्याय केला नाही अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पुढच्या सहा महिन्यांत त्यांपैकी एकाच्या रजा दुप्पट झाल्या. कारण विचारायला मी त्यांना बोलावले, तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, अठरा वर्षं माझ्या हाताचं वेल्ड तपासून मग गाडी पुढे जायची. आता मी खोक्याला पट्टी लावतो. घरी सांगितलेलं नाही.” वेल्डिंगच्या शेडमध्ये या माणसाला मान होता. नवीन मुले त्यांच्याजवळ उभी राहून आर्कचा आवाज ऐकायला शिकत होती. हा मान कोणत्याही वेतनचिठ्ठीत लिहिलेला नव्हता, आणि म्हणून तो काढून घेतल्याचे आमच्या कोणाच्याच लक्षात आले नाही. ती माझी चूक होती, आणि नंतरचे सगळे मी त्या चुकीतून शिकले.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १९२८ मध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या, त्यामागील एक मोठे कारण हेच होते : दोन साचे (माग) चालवणाऱ्या विणकराने तीन चालवावेत, सूतकताईच्या यंत्राची एक बाजू सांभाळणाऱ्या कामगाराने दोन सांभाळाव्यात, अशी नवी पद्धत काही गिरण्यांनी आणली होती. उरलेल्या माणसाचे काय, आणि दुपटीने राबणाऱ्याला वाढीव काय, याचे समाधानकारक उत्तर कामगारांना मिळाले नव्हते. पुढे स्वतंत्र भारतात, जुलै १९५७ मध्ये झालेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने सुसूत्रीकरणासाठी, म्हणजे कमी माणसांत तेवढेच किंवा अधिक काम होईल अशा फेरआखणीसाठी, तीन अटी मान्य केल्या. आधीपासून कामावर असलेल्या कोणाचीही कपात होऊ नये किंवा त्याची कमाई घटू नये. होणाऱ्या लाभाची मालक, कामगार आणि समाज यांच्यात न्याय्य वाटणी व्हावी. आणि कामाच्या भाराचे मोजमाप दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तज्ज्ञांकडून व्हावे. या अटींना कायद्याचे बळ नव्हते. तरीही कर्वे समाजसेवा संस्थेत शिकत असताना मी त्या परीक्षेपुरत्या पाठ केल्या होत्या, आणि रोबो सेलचा प्रस्ताव टेबलावर आला तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचा खरा उपयोग कळला. आजवर वाचलेल्या कोणत्याही व्यवस्थापन-सल्ल्यापेक्षा त्या तीन वाक्यांनी मला अधिक मदत केली आहे.

दुसरे उदाहरण माझ्या घरातलेच आहे. माझे वडील एका राष्ट्रीयीकृत बँकेत लेजर, म्हणजे खातेवह्या, लिहीत. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटनांमध्ये यांत्रिकीकरणाविषयी करार झाला, त्यानंतरच्या वर्षी डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला, आणि संगणकीकरणाचा पुढचा मोठा करार १९९३ मध्ये झाला. लेजर पोस्टिंगची यंत्रे कोठे व किती बसवायची, त्यांवर काम करणाऱ्याला कोणता विशेष भत्ता द्यायचा, अशा गोष्टी वाटाघाटीच्या टेबलावर ठरत होत्या. वडिलांच्या शाखेत यंत्र आले तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. आठवड्याच्या प्रशिक्षणाहून परतल्यावर रात्री जेवणाच्या टेबलावर ते पुठ्ठ्यावर काढलेल्या कळफलकावर बोटे फिरवून सराव करीत, ते दृश्य मला आजही आठवते. त्या काळात ग्राहकांना रांगेत ताटकळावे लागले, हे मला मान्य आहे. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांमधून सुमारे एक लाख कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले, हेही खरे. परंतु हाताने लेजर लिहिणाऱ्या माणसाला यंत्रापर्यंत चालत जायला दशकभराचा अवधी मिळाला.

आजच्या कारखान्याला दशकभराचा अवधी कोणी देणार नाही. मात्र आठ-नऊ महिने प्रत्येकाकडे असतात, आणि ते बहुतेक ठिकाणी वाया जातात. रोबो सेलची ऑर्डर दिल्यापासून तो बसून, चाचणी होऊन उत्पादन सुरू होईपर्यंत आमच्याकडे साडेआठ महिने गेले. फिक्श्चर (वेल्डिंगच्या वेळी सुटे भाग पक्के धरून ठेवणारी चौकट) बनवणे, केबल टाकणे, सुरक्षा कुंपण उभारणे हे सगळे त्या काळात तारखेनुसार चालले होते. माणसांच्या तयारीचे वेळापत्रक त्याच तक्त्यात, त्याच तारखांना बांधून टाकावे, एवढाच माझा आग्रह होता. मनुष्यबळ विभागाला पहिल्या दिवशी माहिती मिळाली तर साडेआठ महिन्यांत पुष्कळ काही करता येते. शेवटच्या पंधरवड्यात मिळाली तर यंत्र पुरवणाऱ्याच्या माणसाने दिलेले तीन दिवसांचे इंग्रजी प्रशिक्षण आणि हजेरीच्या सह्या, एवढेच हातात राहते.

प्रशिक्षणाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण तेथे माझे बरेच गैरसमज दूर झाले. वेल्डिंग रोबोला मार्ग शिकवावा लागतो. हातात टीच पेंडंट, म्हणजे रोबोला हलवण्याचा बटणांचा आणि पडद्याचा संच, घेऊन टॉर्च (वेल्डिंगचे टोक) एकेका बिंदूवर नेऊन ठेवावा लागतो. बटणे कोणती दाबायची हे कोणताही तरुण दोन दिवसांत शिकतो. पण टॉर्चचा कोन किती ठेवायचा, दोन पत्र्यांत फट जास्त असेल तर वेग कोठे कमी करायचा, वेल्ड वरून चकचकीत दिसत असूनही आत पोकळ राहिले आहे हे कशावरून ओळखायचे, हे ज्याने स्वतः वर्षानुवर्षे वेल्डिंग केले आहे त्यालाच कळते. म्हणून रोबो शिकवण्याच्या कामावर आम्ही बाहेरून पदविकाधारक आणण्याऐवजी आमच्यातलेच दोन वेल्डर घ्यायचे ठरवले. त्यांतले एक यादीतले ते ५१ वर्षांचे मामा होते. पहिल्या चार दिवसांनी यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या प्रशिक्षकाने अहवाल दिला, की या वयात त्यांना जमणार नाही, ते पडद्यावरच्या सूचना पाळत नाहीत. मी त्यांच्याजवळ बसून पाहिले, तर ते पेंडंट हातभर लांब धरत होते. त्यांना जवळचे दिसत नव्हते. आयुष्यभर वेल्डिंगची काच डोळ्यांवर असल्याने त्यांना चष्म्याची गरज कधी जाणवली नव्हती, आणि वर्गात सर्वांसमोर ते सांगण्याचा त्यांना संकोच वाटत होता. चष्मा आला आणि तीन आठवड्यांत ते दुसऱ्या सेलचा प्रोग्राम स्वतः सुधारू लागले. तेव्हापासून कोणत्याही प्रशिक्षणाआधी नेत्रतपासणी हा आमच्याकडे नियम झाला आहे. ‘वय झाले, आता शिकणार नाहीत’ हे वाक्य मी ऐकते, तेव्हा पहिल्यांदा विचारते, की त्यांना दिसते का, ऐकू येते का, आणि शिकवण्याची भाषा कोणती होती.

भाषेचेही तेच. यंत्राची पुस्तिका ३०० पानांची आणि इंग्रजीत होती. मी, देखभाल विभागातील एक अभियंता आणि तीन वेल्डर यांनी मिळून तिची २८ पानी मराठी पुस्तिका केली. तीत शब्द शेडमधलेच ठेवले. ‘सीओटू’, ‘गॅप’, ‘टॉर्च’, ‘टॅकिंग’ यांचे भाषांतर केले नाही. प्रशिक्षण पाळीच्या वेळेत, भरपगारी ठेवले. रविवारी बोलावून घेतलेले शिक्षण कामगाराला शिक्षेसारखे वाटते, आणि त्यात त्याची काही चूक नाही. मूलभूत इलेक्ट्रिकल आणि न्यूमॅटिक्ससाठी (हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणांसाठी) आम्ही बाहेरच्या संस्थेची मदत घेतली. आपल्या राज्यात छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्था आहेत, आयटीआयमध्ये मेकॅट्रॉनिक्सचा ट्रेड आहे; लहान कारखान्यांनी सगळे स्वतःच उभारण्याची आवश्यकता नाही.

संघटनेला आम्ही ऑर्डर निघण्याआधी बोलावले. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ९-क नुसार, ज्या सुसूत्रीकरणामुळे कपात होण्याचा संभव आहे त्याची २१ दिवसांची नोटीस द्यावी लागत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही नोटीस आहे. मात्र २१ दिवसांची नोटीस ही कायद्याने ठरवलेली किमान पायरी आहे; तिला विश्वास समजू नये. गेट मीटिंगमध्ये कोणीतरी ‘रोबो येतोय’ असे सांगितल्यावर आपण नोटीस लावली, तर ती कितीही कायदेशीर असली तरी उशिराचीच ठरते. आमच्या पदाधिकाऱ्यांनी चर्चेत तीन-चार कठीण प्रश्न विचारले, त्यांतला एक मला आधी सुचायला हवा होता : रोबो चालवणाऱ्याची श्रेणी कोणती? तो वेल्डर राहिला तर वेल्डिंग भत्ता मिळतो, ‘मशीन ऑपरेटर’ झाला तर तो भत्ता जातो. म्हणजे नव्या पदनामाने, कोणाच्या लक्षात न येता, माणसाची कमाई घटली असती. १९५७ ची पहिली अट येथे अगदी नेमकी लागू पडत होती. आम्ही वेतनवाढ करारात स्वतंत्र श्रेणी निर्माण केली.

नव्या संहितेतील पुनर्कौशल्य निधीविषयी मला आस्था आहे आणि काळजीही. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने त्याच्या शेवटच्या १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम त्यात भरायची आणि ती ४५ दिवसांत त्याच्या खात्यात जमा व्हायची, अशी तरतूद आहे. कल्पना योग्य आहे. पण १५ दिवसांच्या वेतनात कोणताही माणूस नवा व्यवसाय शिकून त्यात नोकरी मिळवू शकत नाही. त्या पैशातून घरभाडे दिले जाईल. त्याच संहितेने कपातीसाठी सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा जुन्या केंद्रीय कायद्यातील १०० कामगारांवरून ३०० वर नेली आहे. शिवाय ठरावीक मुदतीची नियुक्ती संपली, तर ती ‘कपात’ या व्याख्येत येत नाही, म्हणून त्या माणसासाठी हा निधीही नाही. अशा वेळी कायद्याने सोडलेली जागा कंपनीच्या स्वतःच्या धोरणाने भरायची असते, आणि ते धोरण लिहून मंजूर करून घेणे हे आपल्याच विभागाचे काम आहे.

कंत्राटी कामगारांबाबत तर हे अधिकच लागू होते. आपल्याकडे स्वयंचलनाचा पहिला घाव ज्यांच्यावर बसतो ते बहुधा कंपनीच्या पटावर नसतातच. कंत्राटदाराला पुढच्या महिन्यापासून नऊ माणसे कमी पाठवा असा निरोप गेला, की काम झाले; कोठे नोटीस नाही, चर्चा नाही, वार्षिक अहवालात नोंद नाही. ‘आम्ही एकही माणूस कमी न करता स्वयंचलन केले’ असे मी अनेक सभांमध्ये ऐकले आहे, आणि प्रत्येक वेळी मला त्या न मोजलेल्या माणसांची आठवण होते. आमच्या नऊ जणांपैकी चार जण सेलचे ऑपरेटर झाले, दोघांना फिक्श्चर देखभालीत जागा मिळाली, एकाने स्वतःहून दुसरी नोकरी धरली. दोघांसाठी मला काही करता आले नाही. एकाला कंत्राटदाराने दुसऱ्या कारखान्यात लावले. दुसरा बीड जिल्ह्यातील आपल्या गावी परत गेला. कायम कामगारांपैकी मामांसह दोघे प्रोग्रामिंगला, दोघे ऑपरेटर म्हणून आणि एक जण रीवर्कला, म्हणजे सदोष वेल्ड पुन्हा दुरुस्त करण्याच्या कामाला, गेला. बचतीचा आकडा अर्थातच घटला आणि गुंतवणूक वसूल होण्याचा काळ सात महिन्यांनी लांबला. व्यवस्थापनाने हे मान्य केले, कारण रीवर्कचे प्रमाण अपेक्षेपेक्षा लवकर खाली आले, आणि ते कमी करणारे हात त्याच यादीतले होते.

आपला स्वतःचा विभागही यातून सुटलेला नाही. आमच्या टाइम ऑफिसमध्ये पूर्वी सहा जण होते. बायोमेट्रिक हजेरी आणि पगाराचे सॉफ्टवेअर आल्यावर दोघांचे काम उरले. पहिल्याच महिन्यात ग्राइंडिंग आणि डीबरिंग (धातूच्या कडा घासून साफ करण्याच्या) विभागातील पंधरा-वीस जणांची हजेरी लागेना, कारण वर्षानुवर्षे धातू घासून त्यांच्या बोटांवरील रेषाच झिजल्या होत्या. यंत्राने त्यांना गैरहजर ठरवले, सॉफ्टवेअरने पगार कापला, आणि दोन्ही यंत्रणा आपापल्या परीने अचूक चालत होत्या. जुन्या कारकुनांपैकी एकाने चेहऱ्यांवरून ते सर्व ओळखून रजिस्टर दुरुस्त केले. कोणाची आई आजारी आहे, कोणाला सोमवारी एसटी उशिरा मिळते, कोणाच्या घरी कर्जाचा तगादा आहे, हे ज्ञान त्या खिडकीत साठलेले होते. म्हणून उरलेल्या चौघांपैकी तिघांना आम्ही तक्रार निवारण आणि भविष्य निर्वाह निधीच्या मदत कक्षावर बसवले. चौथे त्याच वर्षी निवृत्त झाले. सॉफ्टवेअरने वाचवलेला वेळ माणसांशी बोलण्यात खर्च झाला नाही, तर मनुष्यबळ विभागाला आपल्या नावातला पहिला शब्द उच्चारण्याचा अधिकार राहत नाही असे मला वाटते.

भरतीच्या सॉफ्टवेअरबाबत माझा अनुभव कमी आहे, पण सावधगिरी भरपूर आहे. अ‍ॅमेझॉनने अर्ज चाळण्यासाठी तयार केलेली यंत्रणा आधीच्या दहा वर्षांच्या अर्जांवर शिकली, ते बहुतांश पुरुषांचे होते, आणि ती स्त्रियांचे अर्ज खाली ढकलू लागली. हे २०१८ मध्ये जगासमोर आले. आमच्याकडील चाळणीने आयटीआयच्या मुलांचे अर्ज वगळले, कारण त्यांनी अनुभवाच्या रकान्यात वाक्ये न लिहिता फक्त ‘फिटर, दोन वर्षे’ असे लिहिले होते. आता दर शुक्रवारी माझ्या सहकारी नाकारलेल्या अर्जांतून २० अर्ज काढून स्वतः वाचतात. या कामाला तासभर लागतो, आणि त्यातून आजवर सात चांगली मुले आम्हाला मिळाली आहेत.

सध्या माझ्या टेबलावर नवा प्रस्ताव आहे. अंतिम तपासणीच्या ओळीवर कॅमेरे बसवायचे आहेत, आणि तक्त्यात ‘मनुष्यबळ बचत : ११’ असे लिहिले आहे. मी नावे काढली आहेत. अकराही स्त्रिया आहेत, बहुतेक खेड आणि आसपासच्या गावांतून येणाऱ्या. कॅमेऱ्याला दोष ओळखायला शिकवण्यासाठी हजारो छायाचित्रांवर हा ओरखडा, हा खड्डा, हे चालेल, हे चालणार नाही अशा खुणा कराव्या लागणार आहेत, आणि त्या खुणा करण्याइतकी नजर कारखान्यात याच अकरा जणींकडे आहे. म्हणजे आपली जागा घेणाऱ्या यंत्राला त्यांनीच शिकवायचे आहे. मी फाइलवर लिहिले आहे, की या कामासाठी त्यांना स्वतंत्र भत्ता मिळावा, कॅमेऱ्यांमुळे निर्माण होणाऱ्या प्रत्येक जागेवर पहिला हक्क त्यांचा असावा, आणि कॅमेरे फक्त सुट्या भागांवर रोखलेले असावेत, माणसांवर नाहीत. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी यंत्राने माणसांच्या भावना टिपण्यावर सुरक्षा आणि वैद्यकीय कारणे वगळता बंदी घातली आहे. आपल्याकडे तसा स्पष्ट नियम नाही, म्हणून तो आपल्या करारात असावा असा माझा प्रयत्न आहे.

पहिल्या दोन मागण्यांवर वित्त विभागाने प्रश्नचिन्ह लावून फाइल परत पाठवली आहे. बैठक पुढच्या मंगळवारी आहे. त्या अकरा जणींपैकी दोघींना मी बैठकीला सोबत घेऊन जाणार आहे. तसे पत्र आज दुपारी गेले.